ओढून बघ

"ओढ. ओढून बघ."

हे त्याचं बोलणं. दोन वायरी पक्कडीनं पिळायच्या, तो जोड समोरच्याच्या हातात द्यायचा आन् उभं राह्यचं. घरमालक असो, घरमालकीण असो, नाहीतर च्या घेऊन आलेली नवी सून असो. ओढल्याबिगर सुटका न्हाई. हळू ओढलं तर शिवी. जोर लावून ओढलं आन् जोड जागचा हलला न्हाई, मंग मान खाली घालून परत शिडीवर. हसायचा न्हाई. शाबासकी मागायचा न्हाई. तुम्हाला वाटंल लई गुणाचा माणूस. तसं काही नव्हतं.

ओढून बघायची खोडच होती त्याला. मांडवाची दोरी दिसली, ओढली. कुणाच्या शर्टाची गुंडी लोंबली, ओढली. एका लग्नात नवरदेवाच्या फेट्याचा शेव ओढून बघितला, तर सगळा फेटा सुटून खांद्यावर. नवरदेव बोडका, करवल्या तोंडाला पदर लावून राह्यल्या, आन् पोरं मारायला धावली. हा शांत. म्हणला, "आत्ताच सुटला ते बरं. घोड्यावर सुटला असता."

लाईटचा मिस्त्री होता तो. मस्तगडाच्या अंगाला घर. जुन्या जालन्यातल्या किती भिंतींत त्याच्या वायरी असतील, त्याला मोजदाद न्हाई. नाव मी सांगणार न्हाई. कामून न्हाई, ते पुढं येईल.

मी त्याच्या हाताखाली झिऱ्या मारायची. झिरी म्हंजे भिंतीत छिन्नीनं पाडलेली नाली. तिच्यात पाईप बसतो, पाइपातून वायर जाती, वरून गिलावा. माणूस घरात राह्यला येतो तवा ती कुणालाच दिसत न्हाई. आमचे मालक लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते, ते गेले. मंग मी गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलायला लागले. तिथं यानं मला बघितलं. जवळ आला, माझा हात धरला आन् मनगट ओढून बघितलं. बैल घ्यायला आल्यासारखं.

"छिन्नी धरशील का?"

"धरीन."

"नवरा न्हाई वाटतं."

"गेले."

"जोड ढिला असंल," म्हणला. आन् छिन्नी माझ्या हातात दिली.

मालकांचं दुःख ताजं होतं तवा. दुसरी एखादी असती तर छिन्नी त्याच्याच टाळक्यात घातली असती. मला काम पाह्यजे होतं. मी भिंतीकडं तोंड केलं.

झिरी वाकडी गेली की तो मला ती मालानं बुजवायला लावायचा आन् शेजारी दुसरी पाडायला. भिंत पुरी झाल्याबिगर पाणी पिऊ द्यायचा न्हाई. तोंडात सगळी सिमिटाची भुकटी. म्हणायचा, "पाणी पिलीस की हात ढिला पडतो." एकदा हातोडा अंगठ्यावर बसला, नख काळंनिळं झालं, रक्त भिंतीला लागलं. त्यानं आधी भिंत पुसली. म्हणला, "नख परत येतं. घरमालकाचा रंग परत येत न्हाई."

तरी मी टिकले. बाकीचे मजूर बायांशी कसे वागतात ते तुम्हाला सांगायला नको. यानं शिव्या दिल्या, पण नजर वाकडी केली न्हाई. त्याची नजर सगळी भिंतीवर.

त्याचा एक भाचा होता, बहिणीचा. मामाच्याच हाताखाली शिकला. शिकताना मामानं त्याला शिडीवरून खाली ओढून मारल्याचं मी डोळ्यानं बघितलंय. तो भाचा मोठा झाला, छत्रपती संभाजीनगरला काम करून आला आन् येताना खिशात डब्ब्या घेऊन आला. बोटाच्या पेराएवढी डबी, आरपार दिसणारी. वायरी पिळायच्या न्हाईत, टेप गुंडाळायचा न्हाई. वायरीचं टोक सोलायचं, डब्बीत घालायचं, आतली पट्टी त्याला धरून ठेवती. झाला जोड.

"मामा, जल्दी काम होतं. आन् बराबर होतं," भाचा म्हणला.

आम्ही पाचसात जण जेवायला बसलेलो. मिस्त्रीनं डबी डोळ्याजवळ नेली, वास घेतला.

"ह्यात पीळ कुठंय?"

"पीळ लागतच न्हाई."

"मंग जोड कशाचा रे? तुझ्या मायला दे. कानात घालंल."

असं म्हणून ती मूठभर डब्ब्या त्यानं पाण्याच्या हौदात फेकल्या. तरंगत राह्यल्या. गवंडी हसले, आम्ही बाया हसलो, भाचाबी हसला. पण मी त्याच्या समोरच बसलेली होते. त्याच्या तोंडातला घास त्यानं लई वेळ चावला.

पुढं काही वर्सं गेली. मिस्त्री एका भुसाराच्या दुकानात काम करून राह्यला होता, मी खाली वायरीचं भेंडोळं धरून. मेन बंद केल्तं. दुकानातल्या कुणीतरी अंधार आहे म्हून येऊन चालू केलं. मिस्त्री शिडीवरून फेकला गेला तो थेट ज्वारीच्या पोत्यांवर. पोती होती म्हून वाचला. उठून बसला, आन् पहिलं काय म्हणला असंल? "जोड सुटला का बघ."

जोड सुटला नव्हता. सुटला होता त्याचा उजवा हात. बोटं अर्धवट मिटलेली राह्यली, अंगठ्यात जीव राह्यला न्हाई. डॉक्टर म्हणला शीर गेली. त्यानं हाताला फडकं बांधलं आन् सगळ्याला सांगितलं, मुरगाळलाय.

लाईटच्या मिस्त्रीचा अंगठा गेला म्हंजे काय, ते समजून घ्या. पक्कड धरता येत न्हाई. पक्कड न्हाई तर पीळ न्हाई. पीळ न्हाई तर तो मिस्त्रीच न्हाई. मंग घरी बसायचं आन् भाच्याच्या दारी तुकडा मागायचा. ज्याला मारून शिकवलं त्याच्या दारी.

दोन-चार दिवसांनी दुपारचं माझ्या खोलीवर आला. हातात वायरीचे तुकडे, एक बोर्ड, एक बल्बाचं होल्डर.

"तुझ्या खोलीत लाईट बराबर न्हाई. करून देतो," म्हणला.

मी म्हणलं, देव पावला. पण पक्कड त्यानं माझ्याच हातात दिली.

"पीळ."

मी पिळलं. त्यानं डाव्या हातानं ओढलं, सुटलं. "भाकरीचा उंडा करून राह्यली का? परत." परत सुटलं. "तुझ्या हाताला कुत्र्यानं मुतलंय. परत." वायर कापायचा, सोलायला लावायचा, परत पिळायला लावायचा. ऊन उतरलं, माझे पंजे सुजले. शेवटी एक जोड त्यानं ओढला, मंग दोन्ही पाय भिंतीला लावून ओढला. न्हाई सुटला. त्यानं तो जोड वरच्या डबऱ्यात, म्हंजे छताजवळच्या जोडाच्या पेटीत, बसवायला लावला, काळा टेप गुंडाळायला लावला, बटन दाबलं. उजेड पडला.

"उद्यापासून शिडीवर तू," म्हणला. "कुणी विचारलं तर वायर धरून राह्यलीस. समजलं?"

उजेड माझ्यासाठी नव्हता केला. मला शिकवायला केल्ता. पण उजेड पडला ते खरंच.

तवापासून त्याचे सगळे जोड माझ्या हाताचे. तो शिडीला पाठ लावून दाराकडं तोंड करून उभा राह्यचा, मी त्याच्या आडून पिळायची. कुणाचं पाऊल वाजलं की खाकरायचा. मी पक्कड त्याच्या खिशात सोडायची आन् छिन्नी उचलायची. मंग तो जोड मालकाच्या हातात द्यायचा. "ओढ. ओढून बघ." मालक ओढायचा, मान हलवायचा. "मिस्त्री, हात आहे राव तुमचा!"

"जन्म गेला ह्यात," तो म्हणायचा.

मी खाली बसून झिरीतली माती झाडायची. मला एकदाबी म्हणला न्हाई की बरा झाला. मी वाटबी बघितली न्हाई. दोघांची चूल त्या पिळावर होती.

मंग भाचा ठेकेदार झाला. एका साहेबाचा बंगला मिळाला त्याला, खाली-वर मिळून लई खोल्या. मामाला त्यानंच कामावर घेतलं, आन् सगळ्यांपुढं सांगितलं, "ह्या घरात एकबी पीळ नको. साहेबाची अट आहे. सगळ्या जोडाला डब्बी."

मला वाटलं, आता हा डब्ब्या फेकणार. ह्यानं मुंडी हलवली. मंग माझ्या ध्यानात आलं. पीळ बंद म्हंजे पक्कड बंद. पक्कड बंद म्हंजे अंगठ्याचं लचांड संपलं. देवानंच वाट काढली म्हणायची.

पण भाच्यानं आणलेल्या डब्बीला वर खटका होता. खटका अंगठ्यानं उचलायचा, वायर आत घालायची, खटका दाबायचा. मिस्त्री भिंतीकडं तोंड करून ती डबी हातात घेऊन बसला. अंगठा खटक्यावर ठेवायचा, अंगठा घसरायचा. परत ठेवायचा, परत घसरायचा. लेकरू बरणीचं झाकण उघडतं तसं. मी हात पुढं केला. त्यानं माझ्या हातावर चापट मारली.

"ह्याला तू नको. हे पोराचं खेळणं मी करीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी परत माझ्या खोलीवर. खिशातून डब्ब्या काढल्या, बाजारातून स्वतः आणलेल्या. ह्यांना खटकाच नव्हता. नुसती भोकं. वायर ढकलायची, बस.

"बघ आता," म्हणला. वायर दातानं सोलली. आपल्याकडं घरात वायर कशी असती, आत बारीक तारांचा झुपका. तो झुपका त्यानं डाव्या हाताच्या चिमटीत धरून करकचून वळला, जसा आयुष्यभर वळत आल्ता, वातीवानी. आन् भोकात ढकलला. अडला. परत वळला, परत ढकलला. गेला आत.

त्या माणसाचं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं. नवं धोतर मिळाल्यासारखं.

"तुझी गरज सरली," म्हणला. "आता मर तू झिरीत."

मी च्या टाकत होते. मी म्हणलं, "ओढून बघा की, मिस्त्री."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मंग वायर धरली आन् ओढली. ओढली कसली, झोपलेल्या लेकराची चादर ओढावी तशी. आली न्हाई.

"झालं का समाधान?" म्हणला.

त्या बंगल्यात सगळ्यांच्या आधी त्याच्या खोल्या उरकायच्या. भाचा खुश. "मामानं डब्बीला जल्दी हात बसवला," म्हणायचा. मिस्त्री तिथं शिट्टी वाजवायचा. पण कुणाच्या हातात वायर देऊन ओढून बघ म्हणणं त्यानं बंद केल्तं. ते कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या आलं.

साहेब राह्यला आले. पुढच्याच महिन्यात त्यांचा निरोप, वरच्या खोलीतला पंखा थांबतो, परत चालू होतो, आन् भिंतीतून जळका वास येतो. बाहेरच्या भिंतींचं रंगकाम अजून चालू होतं, सगळी माणसं तिथंच. भाच्यानं मामाला बोलावलं, मला बोलावलं, रंगवाल्यालाबी खाली उतरवलं. साहेबांची बायको दारात हाताची घडी घालून उभी.

भाच्यानं मेन बंद करून डबऱ्याचं झाकण काढलं. आतली डबी एका कडेनं तांबूस होऊन वितळलेली. त्यानं ती सगळ्यांना दिसंल अशी धरली. आवाज बिलकुल चढवला न्हाई.

"मामा, ही डबी माझी न्हाई."

मिस्त्रीनं फडक्यातला हात पाठीमागं घेतला.

"ही कडक वायरीसाठी असती. आत एकच जाड तार असती तिच्यासाठी. आपल्या नरम वायरीला खटक्याचीच पाह्यजे. नरम झुपका वळून ढकलला तर आत पट्टी धरत न्हाई, नुसती टेकून राहती. मंग तापती. मंग पेटती." साहेबांच्या बायकोकडं वळून म्हणला, "वहिनी, पेटलं असतं. तुमची पोरं ह्याच खोलीत झोपतात न्हाई का?"

तिनं तोंडावर हात ठेवला.

मंग त्यानं दुसरी डबी काढली, चांगली दिसणारी, आन् मामाच्या पुढं धरली.

"तुमचंच बोलणं आहे, मामा. ओढा. ओढून बघा."

मिस्त्रीनं डावा हात वायरीला नुसता लावला. भाचा म्हणला, "हळू नको. हळू ओढणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात, ते ह्या बाईमाणसापुढं मला म्हणता येत न्हाई."

रंगवाला फिसकन हसला.

मिस्त्रीनं डाव्या हातानं ओढलं. ओल्या रानातला मुळा येतो तशी वायर हातात आली. भाच्यानं तिसरी धरली. तीबी आली. चौथी धरली. मी म्हणलं आता बास करंल. न्हाई केलं. त्या खोलीतले सगळे डबरे उघडले आन् एकेक मामाच्या हातानंच उपसायला लावले. काही आले न्हाईत, ते जास्त वाईट. कारण मंग परत ओढायला लावायचा, येईपोहत.

"बरं," शेवटी भाचा म्हणला. "डब्बी न्हाई जमत तर न्हाई. पीळ तर तुमचाच ना? साहेबांची अट मोडतो मी. घ्या पक्कड. पिळून दाखवा एक."

पक्कड मिस्त्रीच्या उजव्या हातात गेली आन् खाली पडली. नव्या फरशीवर टण्णकन वाजली. भाच्यानं उचलली, परत दिली. परत पडली. तवा त्यानं मामाच्या हाताचं फडकं सोडलं आन् ती बोटं सगळ्यांना दिसली, वाळल्या शेंगेवानी.

"कधीपासून?"

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्सांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं काही मागायला बघितलं. मी भिंतीकडं तोंड केलं.

"आत्ताच," तो म्हणला. "ह्या हिवाळ्यात."

भाच्यानं मान हलवली. त्याला दया आली असंल असं तुम्हाला वाटंल. त्यानं जी दया केली ती सांगते. म्हणला, "घरचं माणूस आहात, घालवून देत न्हाई. पण लाईटीला हात लावायचा न्हाई. झिरीला राहा. आता झिरीला मशीन आणलंय, कोपऱ्याकापऱ्यात हाताची मारायला एकच माणूस पुरतो. ही मावशी आहे, तुम्ही आहात. दोघांचा खर्चा मला परवडत न्हाई. कोण राहतं ते तुम्हीच सांगा, मामा."

मला माहीत होतं तो छिन्नी धरू शकत न्हाई. त्याला माहीत होतं. भाच्याला तर होतंच, म्हून तर त्यानं विचारलं.

"मी राहतो," मिस्त्री म्हणला.

माझ्याकडं न बघता म्हणला. जळका डबरा फोडायला आणलेली छिन्नी आन् हातोडा मी त्याच्या पायाजवळ ठेवला, पदर झाडला आन् जिना उतरले. मागून टोला ऐकू आला, मंग एक शिवी, मंग परत टोला. हातोडा डाव्या हातात, छिन्नी त्या मेलेल्या बोटात. बोटावरच बसत असणार.

मी तोंड उघडलं असतं तर? लोक विचारतील म्हून सांगते. मी म्हणले असते, अरे इतकी वर्सं पीळ माझा होता, तर भाच्यानं मला ठेवलंबी असतं. पण मंग त्या माणसाजवळ काय राह्यलं असतं? हात गेला होता, काम गेलं होतं. नुसतं नाव राह्यलं होतं, की एके काळी ह्याचा जोड सुटत नव्हता. तेवढं मी कसं ओढू?

मंग मी भाजीच्या पाट्या उचलल्या, लोकांची भांडी घासली. पोट काही थांबत न्हाई.

पुढं एकदा मी नात्यातल्या कार्याला वाटूरला गेल्ते. फाट्यावर एष्टीची वाट बघत होते, तर हॉटेलाच्या बाकड्यावर मिस्त्री. तिथं त्याची लेक दिली होती, तिच्याकडं येऊन राह्यला होता. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. वाळून गेल्ता. मला ओळखलं. मला वाटलं काही बोलंल. माफ कर म्हणंल असं न्हाई, पण काही.

"झिरी वाकडी मारायचीस तू," म्हणला.

"तुमची सरळ गेली का?" मी म्हणलं.

तो बशीतला च्या भुर्रकन पिला. मंग डाव्या हातानं माझ्या पिशवीचा बंद धरला आन् ओढून बघितला.

"सुटंल हा," म्हणला. "टाका मार."

एष्टी आली. पिशवीचा बंद घरी येईपोहत टिकला. टाका मी मारला. त्यानंतर तो दिसला न्हाई. गेल्याचं कळलं तवा सगळं उरकलं होतं.

आता भाच्याचं. आमच्या गल्लीत त्याचं काम चालू होतं, माझ्या खोलीतला बल्ब फडफड करून राह्यला होता. मी हाक मारली. माणूस चांगला आहे तसा, मला मावशी म्हणतो. मेन बंद केलं, स्टुलावर चढला, वरचा डबरा उघडला.

"मावशी, हे तर पिळाचं!"

होल्डर खराब झाल्तं, ते त्यानं बदललं. खिशातून डबी काढली, खटका वर केला, जुना जोड कापायला पक्कड उचलली. मंग काय वाटलं कुणाला ठाऊक. टेप सोलला. जोड चिमटीत धरला आन् ओढला. न्हाई आला. स्टुलावर पाय रोवून ओढला. न्हाई आला. एवढा मोठा ठेकेदार, दोन्ही हातानं लोंबकळला. वरची माती पडली, जोड न्हाई हलला.

तो खाली उतरला. डोळ्यात कचरा गेल्यासारखं करून म्हणला, "मामाचा हात, मावशी. असा जोड आता कुणाला येत न्हाई. मी त्यांना लई... जाऊ द्या." डबी खिशात टाकली. परत चढून त्या जोडाला नवा टेप गुंडाळला, बोटं कपाळाला लावली. "राहू द्या तसाच. त्यांची आठवण."

म्हून नाव सांगितलं न्हाई. तुम्ही मस्तगडातले निघालात तर जाऊन भाच्याला सांगाल.

"तुम्ही काय बघून राह्यल्या, मावशी?" भाच्यानं विचारलं.

मी माझ्या पंजाकडं बघत होते. तो मी पदराखाली घेतला.

"काही न्हाई," म्हणलं. "बस. च्या टाकते."